मूकपटांच्या काळात प्रेक्षक खेचायला सिनेमावाले ज्या क्लृप्त्या लढवत, त्या आज एखाद्या महोत्सवात बघायला मिळतात का?

मिळतात. स्कॉटलंडमधल्या बोनेस या छोट्या गावात 2011 पासून भरणारा ‘हिपफेस्ट’ हा मूकपट महोत्सव बघा. तो भरतो 1912 साली उघडलेल्या हिपोड्रोम चित्रपटगृहात, म्हणजे फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागण्याच्या वर्षभर आधीच्या. हे गोल थिएटर बांधून घेणारा लुई डिक्सन पक्का धंदेवाईक होता: गावच्या मुलांच्या जत्रेचं चित्रण स्वतःच करायचा आणि पडद्यावर दाखवायचा. स्वतःला बघायला गाव लोटणारच की! महोत्सवातली मला सर्वांत आवडणारी युक्ती बरणीची. पूर्वी काही ठिकाणी पैशांऐवजी जॅमची रिकामी बरणी देऊन आत जाता यायचं, कारण बरणी परत केली की तिचे पैसे मिळत. त्याची आठवण म्हणून इथे एका खास खेळाला धुतलेली, झाकणासकट बरणी नेली तर एका तिकिटावर दोघांना प्रवेश मिळतो. मूकपटांना साथ अर्थातच प्रत्यक्ष वादकांची. मात्र बरणीची सवलत त्या खास खेळापुरतीच असते, बाकी खेळांना नेहमीचं तिकीट काढावं लागतं. महोत्सव साधारण मार्चमध्ये असतो, तरी निघण्याआधी त्या वर्षीचा कार्यक्रम तपासा.