बुद्धिमत्ता एक की आठ? पालक-शिक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे

आमच्या संकुलात बोटांच्या ठशांवरून मुलांची बुद्धिमत्ता सांगणारे शिबिर झाले. आठ वर्षांच्या मुलीच्या अहवालात 'तार्किक-गणिती कमी, शारीरिक जास्त' असे आले. तिचा गणिताचा क्लास बंद करून तिला फक्त नृत्याला घालावे का?
— एक आई, घोडबंदर रोड, ठाणे

नृत्याला जरूर घाला, पण या अहवालावरून तिचे गणित बंद करू नका. डीएमआयटी नावाने विकल्या जाणाऱ्या या चाचणीला वैज्ञानिक आधार नाही, असे इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनेही जाहीर केले आहे. बोटांवरच्या रेषा गर्भाच्या दहाव्या आठवड्याच्या सुमारास उमटू लागतात आणि पाचव्या महिन्याच्या आसपास त्यांची ठेवण कायम होते. मूल पुढे हातच्याची वजाबाकी शिकेल की नाही, हे त्या रेषांत लिहिलेले नसते. बुद्धिमत्ता एकच नसून आठ प्रकारच्या असतात, ही बहुविध बुद्धिमत्तेची कल्पना मांडणारे मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांच्या सिद्धांतातही ठशांना कुठेच जागा नाही.

मग वर्णन 'अगदी जुळते' असे का वाटते? 1949 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्वाचे 'खास तुमचे' वर्णन दिले. प्रत्यक्षात सगळ्यांना एकच मजकूर होता. तरी ते किती नेमके वाटले, याला विद्यार्थ्यांनी 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले. घरी पडताळून पाहायचे असेल, तर शिबिराला गेलेल्या चार-पाच मुलांचे अहवाल गोळा करा, नावे झाका आणि प्रत्येक आईला आपल्या मुलाचा अहवाल ओळखायला सांगा.

क्लासचा निर्णय मुलीच्या वहीवरून घ्या. गेल्या दोन महिन्यांतल्या चुका चार गटांत लावा: घाईतली चूक, हातच्याची चूक, स्थानिक किमतीचा गोंधळ आणि शाब्दिक उदाहरणाची भाषा न कळणे. बहुतेक चुका एकाच गटात पडल्या, तर तेवढाच धागा सोडवायचा आहे. शाब्दिक उदाहरणे अडत असतील, तर क्लासमध्ये आणखी पन्नास गुणाकार करून ती सुटणार नाहीत.

पाचवीला शिकवते. प्रत्येक पाठटाचणात आठही बुद्धिमत्तांसाठी एकेक कृती हवी, असा शाळेचा आग्रह आहे. अपूर्णांकांवर गाणे बसवले, चित्रे काढली, नाट्यीकरण केले; तरी चाचणीत मुले 1/3 + 1/4 = 2/7 लिहितात.
— शिक्षिका, ऐरोली

तुमच्या मुलांनी गाणे पाठ केले, कारण त्या कृतीत विचार करायला गाणेच होते, अपूर्णांक नव्हता. आठ रकाने भरण्याच्या नादात इथेच गफलत होते. कोणती कृती घ्यायची हे मुलाच्या 'प्रकारा'वर नाही, आशयावर ठरते. भुजंगप्रयात वृत्त शिकवताना टाळ्या हव्यातच, कारण ल-गा-गा (लघु-गुरू-गुरू) चार वेळा हा ठेका म्हणजेच तो आशय. तिवरांची श्वसनमुळे शिकवताना ओहोटीची वेळ पाहून मुलांना खाडीकाठी नेणे योग्य, कारण भरतीला ती दिसतच नाहीत. अपूर्णांकाला मात्र लांबी हवी.

35 मिनिटांची तासिका अशी आखून पाहा. प्रत्येक मुलाला 24 सेंमी लांबीच्या चार कागदी पट्ट्या द्या. 24 यासाठी, की 2, 3, 4, 6, 8 आणि 12 या सगळ्यांनी भाग जातो. 20 किंवा 30 सेंमी घेतलेत तर कुठेतरी दशांश येतात आणि लक्ष तिकडे जाते. पहिली पट्टी अख्खी ठेवायची, म्हणजे 'एक'. दुसरीचे तीन भाग, तिसरीचे चार. तिसऱ्या भागाची घडी अंदाजाने वाकडी येते, म्हणून पट्टीने 8 आणि 16 वर खूण करायला लावा. इथपर्यंत 10 मिनिटे.

आता विचारा, 1/3 मोठा की 1/4? चार मोठा म्हणून 1/4 म्हणणारी मुले असतीलच. त्यांना थांबवू नका. 8 सेंमी आणि 6 सेंमीचे तुकडे शेजारी ठेवू द्या. मग दोन्ही तुकडे टोकाला टोक जोडून मोजले की 14 सेंमी भरतात. यानंतर 2/7 हे उत्तर फळ्यावर लिहा आणि 24 चे 2/7 किती, ते तुम्हीच काढून दाखवा: सुमारे 6.9 सेंमी. बेरीज पहिल्या 8 सेंमीच्या तुकड्यापेक्षाही लहान! हा धक्का मुलांना स्वतः बसू द्या, लगेच नियम सांगू नका. चौथ्या पट्टीचे 2 सेंमीचे बारा भाग केले की 14 सेंमी म्हणजे 7/12 हे दिसते. लसावि कशासाठी, ते तेव्हा कळते.

शेवटची पाच मिनिटे वही-पट्ट्या बंद करून तीन प्रश्न. तसेच तीन प्रश्न, आकडे बदलून, तीन दिवसांनी आणि पुन्हा दहा दिवसांनी. पाठटाचणाच्या तक्त्यात हाताने मोजणे, जोडीत बोलणे आणि तर्क हे तीन रकाने भरतात. उरलेले पाच रिकामे का, हे मुख्याध्यापकांना मुलांच्या दहाव्या दिवसाच्या उत्तरपत्रिका दाखवून सांगता येईल.

मग गार्डनर चुकले का? बी.एड.च्या परीक्षेत काय लिहायचे?
— विद्यार्थी, कळवा

दोन्ही बाजू लिहा, पण पुराव्याचे वजन समान आहे असे लिहू नका. गार्डनर यांनी 1983 मध्ये सात बुद्धिमत्ता मांडल्या: भाषिक, तार्किक-गणिती, अवकाशीय, सांगीतिक, शारीरिक, आंतरव्यक्तिक (इतरांना समजून घेणे) आणि व्यक्तिअंतर्गत (स्वतःला समजून घेणे). आठवी, निसर्गविषयक, नव्वदच्या दशकात आली. मेंदूच्या इजेत एखादीच क्षमता जाणे, एखाद्याच क्षेत्रात असामान्य मुले दिसणे, अशा आठ निकषांवर त्यांनी ही यादी उभी केली. चाचण्यांच्या गुणांवरून ती काढलेली नव्हती.

आक्षेप जुना आहे. 1904 मध्ये मानसशास्त्रज्ञ स्पिअरमन यांनी दाखवले, की एका बौद्धिक चाचणीत पुढे असलेली मुले साधारणपणे इतर चाचण्यांतही पुढे असतात. म्हणून या सगळ्यांमागे एक सामायिक, म्हणजे 'सामान्य', बुद्धिघटक मानावा लागतो. 2006 मध्ये बेथ व्हिसर आणि सहकाऱ्यांनी 200 प्रौढांना आठ क्षेत्रांच्या प्रत्येकी दोन चाचण्या दिल्या. भाषा, तर्क, अवकाश, निसर्ग, इतकेच नव्हे तर आंतरव्यक्तिक क्षेत्रांतही तोच सामान्य घटक ठळक दिसला. शारीरिक आणि सांगीतिक क्षेत्रांत तो कमी होता. चाचण्याच गार्डनर यांच्या कल्पनेला न्याय देत नाहीत, हा बचाव नोंदवा. मात्र आठ 'स्वतंत्र' बुद्धिमत्ता सिद्ध झालेल्या नाहीत, हेही स्पष्ट लिहा.

गाणे, खेळ, माणसे जोडणे यांना शाळेत मान मिळावा, हा त्यांचा आग्रह मात्र मोलाचा आहे. तो मान द्यायला कौशल्याला बुद्धिमत्ता म्हणण्याची गरज नाही.

नववीतला मुलगा म्हणतो, 'मी व्हिज्युअल लर्नर आहे', आणि पुस्तक न वाचता फक्त व्हिडिओ पाहतो.
— वडील, नेरुळ

कोणी पाहून, कोणी ऐकून जास्त शिकतो, ही अध्ययनशैलीची कल्पना बहुविध बुद्धिमत्तेहून वेगळी आहे. आपला सिद्धांत तिच्याशी जोडू नये, असे गार्डनर स्वतः सांगतात. 2008 मध्ये हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी संशोधनाचा आढावा घेतला. शैलीनुसार शिकवल्याने जास्त शिकता येते, याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. व्हिडिओ बंद करू नका. दहा मिनिटे पाहून झाले की स्क्रीन बाजूला ठेवून कोऱ्या कागदावर आठवेल तेवढे लिहायचे, मग पुस्तक उघडून राहिलेले लाल पेनाने भरायचे. पहिल्या दिवशी पान जवळजवळ कोरे राहील आणि तो चिडेल. आठवडाभर तरी सोडू नका.

दुसरीतला नातू वाचताना अडतो. 'त्याची बुद्धिमत्ता वेगळी आहे, चित्रे छान काढतो, जबरदस्ती नको,' असे बाई म्हणतात.
— आजोबा, वाशी

आजोबा, जबरदस्ती नकोच, पण वाट पाहणेही नको. बाईंचा हेतू चांगला आहे. तरी असे गोड वाक्य मुलाची दोन वर्षे घालवू शकते. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मग आठवडाभर नोंद ठेवा: घ-ध, भ-म यांत गोंधळ, मात्रा-वेलांटी गाळणे, जोडाक्षरावर थांबणे, पहिले अक्षर पाहून शब्दाचा अंदाज करणे. ही नोंद घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे किंवा बाल-मानसशास्त्रज्ञांकडे जा. अध्ययन अक्षमतेचे औपचारिक निदान साधारण आठव्या वर्षानंतर, तिसरीच्या आसपास होते, पण मदत आजपासून सुरू करता येते. रोज 15 मिनिटे, एका वेळी एकच स्वरचिन्ह, जसे काना: 'का, मा, पा' मोठ्याने वाचायचे, वाळूत किंवा पाटीवर लिहायचे, मग त्याच चिन्हाचे पाच शब्द. दहापैकी नऊ बरोबर आले की पुढचे चिन्ह. चित्रांची वही तशीच चालू राहू द्या, आणि प्रत्येक चित्राखाली त्याने सांगितलेले एक वाक्य तुम्ही लिहा. दुसऱ्या दिवशी ते त्यालाच वाचायला द्या.