अणुबॉम्बच्या शर्यतीवरील माहितीपट पाहून जर्मनी अमेरिकेच्या अगदी मागोमाग होता असे मानावे का?

मानू नये. शर्यतीची भीती मात्र खरी होती, आणि दूरचित्रवाणीवरील पुष्कळसे माहितीपट नेमकी ही भीती आणि प्रत्यक्ष शर्यत या दोन गोष्टींची गल्लत करतात. ऑटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान यांनी डिसेंबर १९३८ मध्ये बर्लिनमध्येच अणुविखंडनाचा, म्हणजे अणूचे केंद्रक फुटण्याचा, पुरावा मिळवला होता, त्यामुळे जर्मनी पुढे असणार ही धास्ती निराधार नव्हती. परंतु १९४२ मध्ये अमेरिकेने अणुबॉम्ब बनवण्यासाठी मॅनहॅटन प्रकल्प उभा केला, त्याच वर्षी जर्मन सत्ताधाऱ्यांनी बॉम्बनिर्मितीचा मोठा उद्योग हाती न घेण्याचे ठरवले.

जर्मनीतील हायगरलोख येथील खडकात कोरलेल्या तळघरातील जर्मन अणुभट्टीचे दृश्य आले, तर ते लक्षपूर्वक पाहावे. तारांना लटकवलेले युरेनियमचे ६६४ ठोकळे जड पाण्यात (न्यूट्रॉनचा वेग कमी करणाऱ्या विशेष पाण्यात) सोडूनही तेथे स्वयंपोषी साखळी अभिक्रिया, म्हणजे आपोआप चालू राहणारी विखंडनांची मालिका, कधीच साधली नाही. शिकागोत ती डिसेंबर १९४२ मध्येच साधली होती.

जर्मनीला जड पाणी पुरवणाऱ्या नॉर्वेतील कारखान्यावरील धाडसी घातपात पडद्यावर रंगतो, हे मान्य. पण मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो मॅनहॅटन प्रकल्पातील भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ रॉटब्लाट यांचा निर्णय. जर्मनी बॉम्ब बनवत नाही हे कळल्यावर ते १९४४ च्या अखेरीस लॉस अलामोस ही प्रकल्पाची प्रयोगशाळा सोडून गेले. बाकीच्या बहुतेक शास्त्रज्ञांनी काम का थांबवले नाही, हे समजून घ्यायचे असेल तर ‘द डे आफ्टर ट्रिनिटी’ हा माहितीपट आवर्जून पाहावा, कारण त्यात रॉबर्ट विल्सन यांच्यासारखे त्या प्रकल्पातील शास्त्रज्ञ स्वतः बोलतात.