वाचकांचे प्रश्न : कागदाच्या निर्यातीची तुलना

प्रश्न : प्रकल्पासाठी फिनलंड आणि स्वीडन यांच्या कागद-पुठ्ठ्याच्या निर्यातीचे डॉलरमधले आकडे मी कॉमट्रेड या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-आकडेवारीच्या संग्रहातून घेतले. २००५ साल १०० धरलं, तर पुढच्या दोन वर्षांत फिनलंड स्वीडनला फारच मागे टाकतो. हे खरं मानावं का?
– एम.ए.चा विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : मानू नका, आधारवर्ष चुकलंय. २००५ च्या मे-जूनमध्ये कामगार आणि मालक यांच्या वादात फिनलंडच्या कागद गिरण्या कित्येक आठवडे बंद होत्या. २००४ मध्ये सुमारे १.४० कोटी टन असलेलं उत्पादन त्या वर्षी १.२४ कोटी टनांवर आलं, आणि तिथला बहुतेक माल परदेशीच जातो. त्यामुळे २००६ ची 'वाढ' म्हणजे गिरण्या पुन्हा सुरू झाल्या, एवढंच. २००२ ते २००४ ची सरासरी १०० धरा. २०२२ च्या सुरुवातीलाही तिथल्या एका मोठ्या कंपनीत जवळपास चार महिने संप होता. आलेखावर त्या वर्षाला खूण करून ठेवा.

दुसरं, डॉलर. २०१४ मध्ये एक युरो सरासरी १.३३ डॉलरचा होता, २०१५ मध्ये १.११ चा. तोच माल त्याच युरो-दराने विकला तरी डॉलरमध्ये १६-१७ टक्के घट दिसणार. म्हणून आधी टनांचा आलेख काढा. मग किंमत युरोत आणून तिला टनांनी भागा, म्हणजे प्रतिटन भाव मिळेल.

खरी मेख मात्र कोडमध्ये आहे. एचएस म्हणजे व्यापारातल्या मालाला कोड देणारी आंतरराष्ट्रीय वर्गवारी; तिचं कागद-पुठ्ठ्याचं ४८ वं प्रकरण सरसकट घेतलं, तर फिनलंडची घसरण दिसते, कारण दिसत नाही. फिनलंडचा मोठा भर मासिकांच्या कागदावर होता आणि वाचक पडद्याकडे वळल्यावर तोच आपटला. स्वीडनकडे क्राफ्ट (पिशव्या-खोक्यांचा मजबूत कागद) आणि पॅकिंगच्या पुठ्ठ्याचा वाटा जास्त. हे वेगळं करायला चार अंकी कोड पुरत नाही : ४८१० मध्ये मासिकांचा हलका चकचकीत कागद (४८१०२२) आणि खोक्यांचा अनेक थरांचा पुठ्ठा (४८१०९२) एकत्र असतात. दुधाच्या खोक्यांचा प्लॅस्टिक लावलेला पुठ्ठा तर ४८११ मध्ये जातो. तेव्हा सहा अंकांपर्यंत उतरा आणि छपाई व पॅकिंग असे दोन गट स्वतः बांधा. कंटाळवाणं काम आहे, पण प्रकल्पाचा जीव त्यातच आहे.

मागे जायचं असेल तर एचएस १९८८ पासूनच लागू आहे. त्याआधीसाठी एसआयटीसी या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-वर्गवारीचा विभाग ६४ वापरा. एफएओचे (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचे) टनांचे आकडे १९६१ पासून मिळतात, पण त्यांच्या 'कागद व पुठ्ठा' या बेरजेत तयार खोकी, वह्या नसतात; ४८ मध्ये असतात. दोन्ही मालिका एकमेकींना जोडू नका. १९९५ मध्ये दोन्ही देश युरोपीय संघात आले आणि संघांतर्गत व्यापाराची नोंद जकातीच्या कागदांऐवजी कंपन्यांच्या विवरणपत्रांवरून होऊ लागली. तिथे एखादी पायरी दिसली, तर ती बाजारामुळेच असेल असं नाही.

प्रश्न : ४८ मध्ये रद्दीची आयात का सापडत नाही?
– खोकी उत्पादक, इचलकरंजी

उत्तर : रद्दी लगद्याबरोबर ४७ व्या प्रकरणात, ४७०७ खाली आहे. चीनशी तुलना करत असाल तर जपून : १ जानेवारी २०२१ पासून चीनने रद्दीची आयात बंद केली. तिथल्या गिरण्या रद्दीऐवजी तिच्यापासून बनवलेला लगदा (४७०६२०) आणि तयार क्राफ्ट कागद बाहेरून घेऊ लागल्या. फक्त ४७०७ पाहिलं, तर चीनची कच्च्या मालाची भूकच संपली असं वाटेल.