'चुआ'ला सरदार म्हणू नका

प्रश्न असा आला आहे: व्हिएतनामच्या ले सम्राटांना 'कठपुतळी' म्हणावे की 'नामधारी'? आणि त्यांच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या राज्य हाकणाऱ्या त्रिन्ह घराण्याला 'सरदार' म्हटले तर चालेल का?

कठपुतळी हिंदीतली, आपली कळसूत्री बाहुली. पण इथे 'नामधारी'च हवे, कारण तो शब्द इथे अक्षरशः खरा आहे. सालाला नाव ले सम्राटाच्या राजवटीचे. उत्तरेतले त्रिन्ह आणि दक्षिणेतले न्गुयेन १६२७ ते १६७२ एकमेकांशी लढत राहिले, तरी दोघांच्याही कागदांवर साल ले सम्राटाचेच!

'सरदार' मात्र खपवून घेऊ नये. इंग्रजीत 'लॉर्ड' दिसला की आपल्याकडे तो सरदार होतो, लेखामागून लेखात. सरदार राजाच्या पदरी असतो. त्रिन्ह तुंगने १५९२ मध्ये माक घराण्याकडून थांग लाँग, म्हणजे आजचे हनोई, घेतले. १५९९ मध्ये 'वुओंग' म्हणजे राजा ही पदवी मिळवली. १६१९ मध्ये सम्राट किन्ह तोंगला स्वतःचा जीव द्यायला लावला. हा कुणाच्या पदरी होता?

मूळ शब्द 'चुआ'. मालक या अर्थाचा एक चिनी शब्द व्हिएतनामीत दोनदा शिरला: आधी 'चुआ' होऊन, नंतर 'चू' होऊन. 'चू न्या' म्हणजे घरमालक, आपला घरधनी. ख्रिस्ती लोकांचा देव 'थिएन चुआ', आकाशीचा धनी. म्हणून 'त्रिन्ह धनी' म्हणा. अर्थ नेमका बसतो. पेशव्यांची उपमाही देऊ नका. साताऱ्याची वस्त्रे आणि ले दरबारची पदवी, एवढे साम्य खरे. पण पेशवा म्हणजे फारसीत पुढे असणारा, ते हुद्द्याचे नाव; चुआ मालकीचे. शिवाय कोणत्याही पेशव्याने छत्रपतींचा जीव घेतला नाही.

खरी गंमत सम्राटाच्या शब्दात आहे. 'वुआ' हा अस्सल देशी शब्द; जुना उच्चार 'बुआ'सारखा, मुओंग या व्हिएतनामीच्या बहीण-बोलीत अजून तसाच. सतराव्या शतकातले युरोपीय प्रवासी तोंकिनच्या, म्हणजे उत्तर व्हिएतनामच्या, 'बोवा' आणि 'चोवा'विषयी लिहितात, ते हेच दोघे. आता आठव्या शतकात चीनच्या तांग सत्तेविरुद्ध उठलेल्या फुंग हुंगची पदवी पाहा: 'बो काय दाय वुओंग'. जुनी बखर सांगते, बो म्हणजे बाप, काय म्हणजे आई; प्रजेचा मायबाप. पाठ्यपुस्तकेही तेच गिरवतात. मला ते मुळीच पटत नाही. 'काय'चा मोठा हा अर्थ आजही जिवंत आहे: हनोईजवळून वाहणारी तांबडी नदी 'सोंग काय', मोठी नदी. मग 'बो' हे 'बुआ'चेच जुने लेखन मानणारे अभ्यासक बरोबर ठरतात. 'बो काय' म्हणजे देशी बोलीत महाराज आणि 'दाय वुओंग' म्हणजे चिनी वळणाने पुन्हा महाराज. आपण 'गोल सर्कल' म्हणतो तशी ही जोडी, आणि वुआ शब्दाचा इतका जुना पुरावा मायबापाच्या गोष्टीखाली गाडला गेला आहे.