उत्तर: कर्नल बदलला की व्हर्च्युअल वायफाय ड्रायव्हर बिल्ड होत नाही

तू विचारलंयस की माटुंग्याच्या लॅबमधली उबंटू २४.०४ ची मशीन्स ६.८ वरून ६.१४ कर्नलवर (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) गेली आणि तुमचा व्हर्च्युअल (खऱ्या कार्डाशिवाय चालणारा) वायफाय ड्रायव्हर गेट_टीएक्स_पॉवर या ट्रान्समिट पॉवर सांगणाऱ्या फंक्शनच्या ओळीवर 'इनकम्पॅटिबल पॉइंटर टाइप' म्हणत अडकला, आता कर्नल मागे नेऊ का. नको नेऊस. ६.१४ मध्ये त्या फंक्शनला लिंक आयडी हा एक पॅरामीटर वाढलाय, वायफाय ७ मध्ये एकाच कनेक्शनला अनेक लिंक असतात म्हणून, आणि ६.१७ ला त्यातच रेडिओ इंडेक्स पण घुसलाय, म्हणजे हेच फंक्शन तुला लवकरच परत दुरुस्त करावं लागणार. कर्नलच्या आतला एपीआय (म्हणजे फंक्शनं कशी बोलावायची ती ठरलेली रचना) कायम तसाच राहील असं लिनक्सवाले कधीच म्हणत नाहीत, उलट राहणार नाही हे त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहून ठेवलंय.

आता मेन गोष्ट. व्हर्जनचे इफ-एल्स ड्रायव्हरभर पसरवू नकोस, दोन वर्षांनी जे ज्युनिअर येतील त्यांना तो कोड वाचताच येणार नाही. एक वेगळी कॉम्पॅट हेडर फाइल कर, सगळे फरक तिथे, आणि ड्रायव्हर कायम नवीन कर्नलच्या पद्धतीनेच लिही. उदाहरणार्थ ६.१५ मध्ये डेल_टायमर_सिंक हे टायमर बंद करायचं फंक्शन काढून टाकलंय, तर कोडमध्ये टायमर_डिलीट_सिंक वापर आणि जुन्या कर्नलसाठी हेडरमध्ये एका ओळीचा मॅक्रो टाक, झालं. रेड हॅटच्या मशीनवर मात्र नुसत्या व्हर्जन नंबरवर जाऊ नकोस, आरएचईएल ९ चा कर्नल नावाला ५.१४ असतो पण वायरलेसचा कोड त्यांनी खूप पुढचा आणून बसवलेला असतो.

बिल्ड फुटतो ते बरं असतं रे, निदान कळतं तरी. मला खरी काळजी वाटते ती गुपचूप बदलणाऱ्या गोष्टींची. ५.१२ पासून सीएफजी८०२११ (कर्नलमधला वायफाय सांभाळणारा भाग) तुझे कॉलबॅक, म्हणजे ड्रायव्हरने त्याला दिलेली फंक्शनं, विफी लॉक (त्या वायफाय डिव्हाइसचं कुलूप) घेऊनच बोलावतं, त्यामुळे इंटरफेस अॅड करण्याच्या कॉलबॅकमध्ये इंटरफेस नोंदवणारं जुनं रजिस्टर_नेटडिव्हाइस राहिलं तर एरर येत नाही, मोड्यूल मस्त लोड होतं, आणि आयडब्ल्यू या वायफायच्या कमांडने नवीन इंटरफेस टाकायला गेलास की कमांड तिथेच लटकते, कारण तेच लॉक परत मागितलं जातं. तिथे सीएफजी८०२११_रजिस्टर_नेटडिव्हाइसच हवं. म्हणून टेस्टचा कर्नल प्रूव्ह लॉकिंग (लॉकच्या चुका पकडणारा पर्याय) ऑन करून बांध, असली भानगड तो डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, लगेच दाखवतो.

आणि एक, फक्त होस्टएपीडी (अॅक्सेस पॉइंट चालवणारा प्रोग्रॅम) आणि डब्ल्यूपीए सप्लिकंट (वायफायला जोडणारा प्रोग्रॅम) तपासायचे असतील तर स्वतःचा ड्रायव्हर सांभाळायची गरजच नाही, मॅक८०२११_एचडब्ल्यूसिम हा नकली वायफाय कार्डांचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, एपीआय बदलणारेच तो पण बदलतात. मुंबईतल्या बिल्डिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर इतकी गर्दी असते की खऱ्या कार्डपेक्षा त्यावर टेस्ट करणं कधीही चांगलं. स्वतःचा ड्रायव्हर शिकण्यासाठी हवाच असेल तर ठेव जरूर, पण कुठलाही बदल समजून घ्यायचा तर आधी एचडब्ल्यूसिमची गिट हिस्टरी बघ, त्यात तुला बरेचदा आयतं उत्तर सापडेल.

६.१४ वर बिल्ड झाला आणि तरी काही लटकलं तर डीमेसेज पूर्ण टाक, नुसता स्क्रीनशॉट नको.