हेगला निघण्याआधी आर्ची माफेजे वाचायचे, ते कसे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अनुदानित महाविद्यालयात सहायक प्राध्यापक आहात, पेसा (आदिवासी क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आणि ग्रामसभांच्या राजकारणावर पीएच.डी. झालीय, आणि नेदरलँड्समधल्या हेगच्या एका संस्थेत तीन वर्षांसाठी संशोधकाची जागा मिळतेय. मार्गदर्शक म्हणतात, जाण्याआधी आर्ची माफेजे हा दक्षिण आफ्रिकी मानवशास्त्रज्ञ वाच. त्याचा उपयोग काय, परतीची वाट कशी राखायची आणि कागदपत्रं कुठली लागतात, हे तुम्ही विचारलंय.

मार्गदर्शकांचं म्हणणं योग्यच आहे. फक्त माफेजेंचा ‘ट्राइब’ या कल्पनेवरचा 1971 सालचा नऊ पानी लेख वाचून थांबू नका. त्यांच्या नेमणुकांचा इतिहासही तितक्याच बारकाईने वाचा, कारण परदेशी जाणाऱ्या अभ्यासकाचं काय काय अडतं ते त्यात उघड दिसतं.

माफेजेंचा जन्म 1936 चा, दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केपमधल्या थेंबू मुलखातला. आईवडील दोघंही शिक्षक. केपटाऊन विद्यापीठात आधी विज्ञान, मग मानवशास्त्र. तिथे मानवशास्त्रज्ञ मोनिका विल्सन यांच्या हाताखाली त्यांनी लांगा या कृष्णवर्णीय वस्तीत क्षेत्रकार्य केलं. वस्तीतली भाषा खोसा, तीच त्यांची मायबोली. गोऱ्या संशोधकाला जिथे दार उघडलं नसतं तिथे ते सहज जाऊन बसत. 1963 मध्ये पुस्तक आलं. दोघांचीही नावं आहेत, पण विल्सन यांचं आधी. तुम्ही आपली टिपणं घेऊन एखाद्या युरोपीय प्रकल्पात शिरणार असाल तर लेखकांच्या नावांचा क्रम ईमेलवर ठरवून घ्या, आणि तो टिपणं हवाली करायच्या आधी. नंतर हा विषय काढला की तो अपमान वाटतो, दोन्ही बाजूंना.

आता 1968. केंब्रिजची पीएच.डी. आटोपत आलेल्या माफेजेंना केपटाऊन विद्यापीठाने सामाजिक मानवशास्त्राचे वरिष्ठ व्याख्याते म्हणून निवडलं. इथे एक गोष्ट नीट बघा. 1959 च्या कायद्याने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या प्रवेशाला सरकारी परवानगीची अट घातली होती, पण कृष्णवर्णीय शिक्षक नेमायला कायद्यात बंदी नव्हती. सरकारने अनुदान कापण्याची धमकी दिली आणि विद्यापीठाच्या कौन्सिलने आपणहून नेमणूक मागे घेतली. ऑगस्टमध्ये सुमारे 600 विद्यार्थ्यांनी ब्रेमनर या प्रशासकीय इमारतीत नऊ दिवस ठिय्या दिला. नेमणूक काही परत मिळाली नाही.

म्हणजे ‘निवड झाली’ आणि ‘नेमणूक झाली’ यांत अख्खं आयुष्य मावतं. तुमच्या हातात आत्ता जे आहे ते बहुधा अभिनंदनाचं ईमेल आहे. सह्या झालेला करार आणि संशोधकांच्या डच निवास परवान्यासाठी लागणारा यजमान संस्थेचा करार, हे दोन्ही हातात पडेपर्यंत इथला राजीनामा तर सोडाच, रजेचा अर्जसुद्धा मसुद्यातच ठेवा. करारात पगार कुठल्या निधीतून येणार ते बघा. बाहेरच्या अनुदानावरची जागा असेल तर अनुदान आटल्यावर काय, हे वाक्य त्यात असायलाच हवं. नसेल तर मागा.

पुढे माफेजे टांझानियातल्या दार-एस-सलाम विद्यापीठात समाजशास्त्राचे विभागप्रमुख झाले. 1971 मध्ये मोटार अपघातात जबर जखमी झाले. त्यानंतर हेगच्या इन्स्टिट्यूट ऑफ सोशल स्टडीजमध्ये आले आणि 1973 मध्ये, वयाच्या 37 व्या वर्षी, तिथे प्राध्यापक झाले. ही संस्था आजही चालू आहे. 2009 पासून ती रॉटरडॅमच्या इरास्मस विद्यापीठाचा भाग आहे. मग कैरोचं अमेरिकन विद्यापीठ, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला नामिबियातलं विंडहुक आणि पुन्हा कैरो. चार देश, चार पगारपत्रकं. अशा फिरस्तीत निवृत्तिवेतनाचे तुकडे होतात, म्हणून एवढं लक्षात ठेवा: नेदरलँड्समधल्या वास्तव्याच्या दर वर्षामागे तिथल्या मूळ वृद्धापकाळ वेतनाचा 2 टक्के हक्क जमतो. तीन वर्षांचे 6 टक्के. विद्यापीठाचा निवृत्तिनिधी त्याहून वेगळा. निघताना दोन्हींचे कागद जपून आणा, पुढे तीस वर्षांनी लागतात.

खरी मेख परतण्यात आहे. वर्णभेदी राजवट ढासळू लागली तेव्हा केपटाऊनने माफेजेंना देऊ केलं ते त्यांच्या ज्येष्ठतेपुढे किरकोळ, मुदतीचं काम. मग त्यांनी आफ्रिका अभ्यासाच्या ए. सी. जॉर्डन अध्यासनासाठी अर्ज केला, तर मुलाखतीचं बोलावणंही आलं नाही. 1996 मध्ये तिथे महमूद ममदानी आले. मुंबईत जन्मलेले, कंपालात वाढलेले ममदानी स्वतः 1972 मध्ये इदी अमीनने हाकललेल्या आशियाईंपैकी; शिवाय 1980 च्या दशकात त्यांचं युगांडाचं नागरिकत्वही काढून घेतलं गेलं होतं. एका निर्वासित अभ्यासकाच्या वाटची खुर्ची दुसऱ्याला मिळाली, यात दोष ममदानींचा नाही. 2003 मध्ये विद्यापीठाने माफी मागून मानद पदवी देऊ केली. माफेजेंनी उत्तरच दिलं नाही. 28 मार्च 2007 ला प्रिटोरियात ते गेले. पदवी 2008 मध्ये मरणोत्तर दिली गेली, तेव्हा माफी स्वीकारली ती कुटुंबाने.

तुमच्यावर हद्दपारीची वेळ नाही, पण खुर्चीचं गणित तेच. म्हणून राजीनामा देऊ नका. असाधारण रजा मागा, आणि त्या आदेशात ‘धारणाधिकार’ (मूळ पदावरचा हक्क, लिएन) हा शब्द आहे का ते डोळ्यांनी बघा. नुसतं प्राचार्यांचं ना-हरकत पत्र पुरत नाही. संस्थेचा ठराव, विद्यापीठ आणि उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाकडून जे लागेल ते, आणि सेवापुस्तकात नोंद. नोंद झालेल्या पानाची छायाप्रत स्वतःजवळ ठेवा. रजा संपण्याच्या तारखेआधी सहा महिने मुदतवाढीचा किंवा रुजू होण्याचा अर्ज जायला हवा, कारण फाइल टेबलावरून टेबलावर जायला तेवढा वेळ घेते. आणि ‘तुम्ही बिनधास्त जा हो, आम्ही आहोत’ हे तोंडी आश्वासन देणारा माणूस तीन वर्षांत निवृत्त झालेला असतो.

आता तो लेख, ज्यासाठी मार्गदर्शकांनी पाठवलंय. माफेजेंचं म्हणणं असं की दक्षिण आफ्रिकेतल्या लोकांच्या भाषांत ‘ट्राइब’ला शब्दच नाही. राष्ट्र, कूळ, घराणं यांना आहेत. ओळख विचारायची तर लोक विचारत, कोणाच्या मुलखातला तू? म्हणजे कोणत्या प्रमुखाच्या. ‘ट्राइब’ ही वसाहतीच्या कारभाराची खतावणी. त्यातही ते फरक करतात: आपल्या मुलखात जुनी घडी टिकवू पाहणारा माणूस वेगळा, आणि राजधानीत बसून सत्तेसाठी जमातीचं नाव घेणारा वेगळा. लांगातल्या लोकांनी केलेले भेद पाहिले तर हे पटतं. तिथे बराकीत राहून पैसे साठवून गावी परतणारे ते ‘अमागोदुका’, ‘गोदुका’ म्हणजे घरी जाणं. आणि शिकलेले, इंग्रजी झाडणारे ते ‘ऊस्क्यूज-मी’. हे भेद राहणीचे आणि शिक्षणाचे, जमातीचे नव्हेत.

पण हा चष्मा गडचिरोली-नंदुरबारवर जसाच्या तसा चढवू नका. आपल्याकडे अनुसूचित जमात हा अनुच्छेद 342 खालचा दर्जा आहे; त्यावर आरक्षण, पेसा आणि जमिनीचं संरक्षण उभं आहे. ‘जमात ही साहेबाने केलेली कल्पना’ असं सेमिनारमध्ये बोलून टाळ्या मिळतील, पण त्याच वाक्याचा हवाला देऊन इथे कोणी हक्क नाकारू शकतं. समाजशास्त्रज्ञ घुर्ये मुंबई विद्यापीठात बसून आदिवासींना ‘मागासलेले हिंदू’ म्हणाले, म्हणजे त्यांची वेगळी ओळखच नाकारली. पहिल्याच व्याख्यानात दोन्ही देशांतल्या शब्दांचा फरक मांडा, नाहीतर तीन वर्षं तोच खुलासा करत बसाल.

नागरिकत्वाबद्दल. तीन वर्षांची पाच झाली की डच पासपोर्टचा मोह होतो. तो घेतल्याक्षणी 1955 च्या कायद्याच्या कलम 9 नुसार भारतीय नागरिकत्व जातं. लोक म्हणतात, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) आहे ना. पण मार्च 2021 च्या अधिसूचनेनुसार ओसीआयधारकाला भारतात संशोधन करायला विशेष परवानगी लागते. तुमच्या विषयात तर ही मोठीच अडचण. ग्रामसभेत बसण्यासाठी अर्ज करून वाट बघावी लागेल, आणि विषयाचं नाव वाचून साहेब काय ठरवतील ते साहेबांनाच ठाऊक.

बाकी कागद. परवान्याचा अर्ज यजमान संस्था करते, तुम्ही नाही. जन्मदाखल्यावर आधी राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारं प्रमाणन. मंत्रालय थेट घेत नाही, नेमलेल्या एजन्सीमार्फत जावं लागतं. पोहोचल्यावर पाच दिवसांत नगरपालिकेत नोंदणी, तीन महिन्यांत क्षयरोग तपासणी. नोंदणीत गाडी हमखास अडते ती घरापाशी: बरेच घरमालक खोली देतात पण पत्त्यावर नाव लावू देत नाहीत. पत्ता नाही तर नागरिक क्रमांक नाही, आणि क्रमांक नसला की पगारातून 52 टक्के कर कापला जाऊ शकतो. अनामत देण्याआधी ‘नोंदणी करता येईल’ हे लेखी घ्या. बाहेरून आणलेल्या कर्मचाऱ्यांना पगाराचा 30 टक्क्यांपर्यंतचा भाग करमुक्त मिळण्याची सवलत आहे (2027 पासून 27). संशोधकांना तिच्यासाठी किमान पगाराची अट नाही, पण रुजू झाल्यापासून चार महिन्यांत अर्ज गेला तरच ती पहिल्या दिवसापासून लागू होते.

टिपणवह्या स्कॅन करून मूळ प्रती घरीच ठेवा. ग्रामसभेतल्या लोकांची नावं वेगळ्या फाइलमध्ये, सांकेतिक क्रमांकांसह, आणि ती फाइल कुलूपबंद. तिथल्या नीतिसमितीची मंजुरी क्षेत्रकार्याच्या आधी लागते. जुनी सामग्री वापरायची असेल तर संमती कशी घेतली होती ते विचारतील. संमती तोंडी असेल तर कधी, कुठे, कोणासमोर, ते आत्ताच आठवून लिहून काढा.

आणि आजच एक करा: जन्मदाखला काढून बघा. गावाकडच्या जुन्या नोंदींत बाळाचं नावच नसतं, नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. नाव चढवून घ्यायला ग्रामपंचायतीत हेलपाटे पडतात, आणि ते झाल्याशिवाय अपोस्टिलचा काही उपयोग नाही. दाखल्यावर, पदवीवर आणि पासपोर्टवर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग एकच आहे का, तेही तेव्हाच तपासा.