दहा गिगने रिप्ले करायचंय, पण घोडं नक्की कुठे अडलंय?

प्रश्न: नमस्कार. आमच्या टीमला एका आयडीएसची (नेटवर्कवरची घुसखोरी ओळखणारी यंत्रणा) चाचणी घ्यायचीये, त्यासाठी पकडून ठेवलेल्या ट्रॅफिकची ४० जीबीची पीकॅप फाइल (पॅकेटं साठवलेली फाइल) आहे आणि ती दहा गिगने (सेकंदाला दहा गिगाबिट) सोडायचीये. सध्याच्या डेस्कटॉपमध्ये १६ जीबी रॅम, साटा एसएसडी आणि दहा गिगचं कार्ड आहे, टीसीपीरिप्लेला (पीकॅपमधली पॅकेटं परत नेटवर्कवर सोडणारा प्रोग्राम) टॉपस्पीड, म्हणजे पूर्ण वेगाचा पर्याय, देऊनही ४ गिगच्या थोडं वरच अडकतं. ३२ कोअरचा सर्व्हर घ्यावा असं वरिष्ठांचं म्हणणं आहे. घेऊ का? आणि पॅकेटांमधलं मूळ अंतर जसंच्या तसं राखता येईल का?

उत्तर: थांबा, सर्व्हर लगेच मागवू नका. तुम्ही दिलेला आकडाच सगळं सांगतोय. साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते, त्याला ८ ने गुणा, ४.४ गिगाबिट. म्हणजे तुमचं घोडं बहुतेक डिस्कपाशी अडलंय, प्रोसेसर बिचारा वाट बघत बसलाय. ४० जीबीची फाइल १६ जीबी रॅममध्ये मावत नाही, त्यामुळे लूप (तीच फाइल पुन्हा पुन्हा सोडणं) लावला तरी दर फेरीला सगळं परत डिस्कवरनंच येतं.

खात्री करायला काही विकत घ्यायला नको. एडिटकॅप या पीकॅप कापायच्या प्रोग्रामने फाइलमधली सुरुवातीची पॅकेटं काढून ५ जीबीचा तुकडा करा, टीसीपीरिप्लेला प्रीलोडचा पर्याय द्या म्हणजे सगळा तुकडा आधी रॅममध्ये चढेल, आणि मग लूपमध्ये सोडा. वेग चढला तर ६४ जीबी रॅम टाका, फाइल पुढे वाढणार असेल तर १२८. पैसे आधी इथे घाला.

आता दुसरी गोष्ट, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: गिगाबिट बघू नका, सेकंदाला पॅकेटं किती ते बघा. दहा गिगच्या लाइनवर सगळी ६४ बाइटची पॅकेटं असतील तर सेकंदाला १ कोटी ४८ लाखांच्या वर जातात, म्हणजे एका पॅकेटला जेमतेम ६७ नॅनोसेकंद, आणि १५०० बाइटची असतील तर तीच लाइन सव्वाआठ लाखांच्या आतच भरते. कॅपइन्फोज या पीकॅपची माहिती देणाऱ्या प्रोग्रामने तुमच्या फाइलचा सरासरी पॅकेट आकार काढा. समजा ७०० बाइट आला तर सेकंदाला साधारण १७ लाख पॅकेटं लागतील. कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) नेहमीच्या सॉकेटमधून, म्हणजे पॅकेटं पाठवायच्या वाटेने, एका कोअरवर दहा लाखांच्या आसपासच दम लागायला लागतो, आणि टीसीपीरिप्लेचं पाठवायचं काम एकाच धाग्यावर (थ्रेडवर), म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर चालतं, म्हणून ३२ कोअर घेतले तरी ३१ नुसते बसून राहतील. कमी कोअर पण जास्त गिगाहर्ट्झ असा प्रोसेसर बघा, आणि कार्ड असं घ्या की ज्याला नेटमॅप किंवा डीपीडीके चालतं, कारण तिथे कर्नलला वळसा घालून थेट कार्डाच्या रांगेत पॅकेटं टाकता येतात. इंटेलची ८२५९९ किंवा एक्स७१० चिप असलेली कार्डं या कामात मुरलेली आहेत.

कार्ड ज्यात बसतं त्या पीसीआयई स्लॉटचं मात्र नीट बघा, मी स्वतः यात दोन दिवस घालवलेत. दोन पोर्टचं ८२५९९ चं कार्ड होतं, एकेक पोर्ट सोडला की मस्त चालायचं, दोन्ही एकदम सोडले की मधेच अडकायचं. ड्रायव्हर बदलला, केबल बदलली, काही फरक नाही. शेवटी एलएसपीसीआय या कमांडचं (बसवलेल्या कार्डांची माहिती देणारी) सविस्तर आउटपुट काढलं तर क्षमतेच्या ओळीत ८ लेन (डेटा जायच्या वाटा) आणि खालच्या सद्यस्थितीच्या ओळीत ४! स्लॉट दिसायला लांबच होता पण आत जोडणी ४ लेनचीच. पीसीआयई २.० च्या ४ लेन म्हणजे कागदावर १६ गिग, मग दोन पोर्टचे २० कुठून निघणार? एका पोर्टला ते पुरलं, म्हणून इतका वेळ लक्षातच आलं नाही. दोन प्रोसेसरचं मशीन असेल तर कार्ड ज्या प्रोसेसरला जोडलंय त्याच्याच कोअरवर आणि त्याच्याच रॅममध्ये काम चालू द्या.

अंतराचं म्हणाल तर आधी तुमच्या पीकॅपमधले टाइमस्टॅम्प तपासा, बहुतेक फाइल्समध्ये ते मायक्रोसेकंदाचेच असतात, आणि त्यापेक्षा बारीक अंतर फाइलमध्येच नसेल तर कुठलंही कार्ड ते परत आणू शकत नाही. आयडीएसच्या चाचणीला सहसा सरासरी वेग पुरतो. नॅनोसेकंदाच्या अचूकतेने सोडायचं असेल तर एफपीजीए (आतलं सर्किट हवं तसं बदलता येणारी चिप) असलेली खास कार्डं लागतात, ती महाग असतात आणि तुमच्या कामाला मला तरी गरज दिसत नाही.

आणि हो, चाचणीच्या वेळी ईथटूल या कार्डाच्या सेटिंगच्या कमांडने पॉज फ्रेम (‘जरा थांब’ असा निरोप) बंद करा, नाहीतर समोरचं यंत्र दमलं की तेच तुमच्या कार्डाला थांबायला सांगतं, आणि तुम्ही इकडे नवीन कार्ड शोधत बसता.